शब्दामागचा प्रश्न : प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगाच्या एकाच फाईलमध्ये ‘निगेटिव्ह’ हा शब्द पाच ठिकाणी येऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टात ‘मार्जिन निगेटिव्ह’ असेल, तर काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत रोगाच्या पेशी पोहोचलेल्या नाहीत. ‘नोड निगेटिव्ह’ म्हणजे काखेतून काढलेल्या लसिका गाठींत रोग सापडला नाही. या दोन्ही बातम्या चांगल्या. पुढच्या पानावर ‘ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह’ दिसले की अर्थ पालटतो. या पेशींमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक नाहीत, म्हणून टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा उपयोग होणार नाही, असे ती ओळ सांगते. ‘हर-टू निगेटिव्ह’ असेल तर ट्रास्टुझुमॅब या इंजेक्शनाची वाट सहसा बंद होते. ‘बीआरसीए निगेटिव्ह’ हा निष्कर्ष तर रुग्णाइतकाच तिच्या बहिणीशी आणि मुलीशी संबंधित असतो. ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या की रिपोर्टात ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असे लिहिले जाते. तीनही तपासण्यांत काही निघाले नाही म्हणजे रोगच नाही, असा अर्थ घरच्यांनी काढलेला मी अनेकदा ऐकला आहे. प्रत्यक्षात हा स्तनाच्या कर्करोगाचा अधिक आक्रमक प्रकार आहे आणि त्यावर उपचार लवकर सुरू व्हावे लागतात.

शब्द एकच आहे, पण दर वेळी तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. गाठ पूर्ण निघाली का? रोग पसरला का? कोणते औषध लागू पडेल? घरातल्या इतरांना धोका आहे का? प्रश्न माहीत नसेल तर उत्तर वाचून काहीच कळत नाही, किंवा उलटेच कळते. कर्करोगाच्या उपचारातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या निर्णयासाठी घडवलेला आहे, आणि तो निर्णय कळला की शब्द आपोआप उलगडतो, या एकाच विचारावर हे पुस्तक उभे आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रिपोर्ट लिहिणे हे माझे आयुष्यभराचे काम. आमचे रिपोर्ट सर्जनसाठी असत, आणि आमची भाषाही त्यांच्याशी बोलण्याची. आज तोच रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर जाण्याआधी रुग्णाच्या फोनवर पोहोचतो. रात्री अकरा वाजता मुलगी आईचा रिपोर्ट उघडते, एकेक शब्द शोधयंत्रात टाकते आणि सकाळपर्यंत घरात कुणी झोपत नाही. आमचा वाचक बदलला आहे आणि आमची भाषा मात्र जुन्याच वाचकाशी बोलते आहे. ही दरी भरून काढणे आता टाळता येणार नाही.

या शब्दांची गर्दी एका दिवसात झालेली नाही. तिच्यात थर आहेत, आणि प्रत्येक थर वेगळ्या कसबी लोकांनी रचलेला आहे. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुदा’चे वर्णन आहे: गोल, स्थिर, खोल मूळ असलेले, हळूहळू वाढणारे आणि न पिकणारे. गळू पिकते, अर्बुद पिकत नाही, हे निरीक्षण आजही कुठल्याही दवाखान्यात उपयोगी पडेल. ग्रीक वैद्यांना या रोगात खेकडा दिसला आणि आपला ‘कर्करोग’ त्याच कुळातला. डोळ्यांना दिसणारे आणि बोटांना लागणारे, एवढ्यावरच ही जुनी भाषा थांबली.

दुसरा थर सूक्ष्मदर्शकाने घातला. १८३८ साली योहानेस म्युलर यांनी गाठी पेशींच्याच बनलेल्या असतात हे दाखवले आणि त्यांचे शिष्य रुडॉल्फ विर्चो यांनी १८५८ मध्ये पेशीविकृतीचा सिद्धान्त मांडला. तेव्हापासून रोगाचे नाव त्याच्या उगमावरून ठरू लागले. त्वचा किंवा अवयवांच्या अस्तरातून निघाला तर कार्सिनोमा, हाड-स्नायू-चरबीतून निघाला तर सार्कोमा, लसिका संस्थेतून लिम्फोमा, अस्थिमज्जेतल्या रक्तपेशींमधून ल्युकेमिया. हे नुसते वर्गीकरण नव्हे, उपचाराची दिशा त्यावर ठरते. स्तनाचा कर्करोग पाठीच्या मणक्यात गेला की नातेवाईक म्हणतात, “आता हाडांचा पण कॅन्सर झाला.” तो हाडांचा झालेला नसतो. मणक्यातल्या पेशी स्तनाच्याच असतात, औषधेही स्तनाच्या कर्करोगाचीच चालतात. ‘मेटास्टॅसिस’ या शब्दाचा अर्थ ‘पसरला’ इतकाच सांगून थांबलो तर हा अर्धा भाग हरवतो.

तिसरा थर सर्जनांचा. विल्यम हाल्स्टेड यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळेच काढले जाई. रोग एका ठिकाणाहून पायरीपायरीने बाहेर सरकतो, म्हणून जितके मोठे क्षेत्र काढू तितके चांगले, अशी ती समजूत होती. अशा शस्त्रक्रियेला ‘रॅडिकल’ म्हणत. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे स्त्रियांनी ही शस्त्रक्रिया सोसली. १९७१ पासून बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत घेतलेल्या चाचण्यांनी दाखवून दिले की एवढे काढल्याने आयुष्य वाढत नाही, आणि नंतरच्या चाचणीत लहान गाठींसाठी फक्त गाठ काढून शेक, म्हणजे रेडिओथेरपी, दिले तरी निकाल तेवढाच येतो हेही सिद्ध झाले. ‘रॅडिकल’ शब्द मात्र टिकून राहिला आणि त्याने दुसरा अर्थही घेतला. रेडिओथेरपीच्या चिठ्ठीवर ‘रॅडिकल इंटेंट’ लिहिलेले असेल तर रोग पूर्ण बरा करण्याच्या हेतूने शेक दिले जाणार आहेत. त्याच जागी ‘पॅलिएटिव्ह इंटेंट’ असेल तर हेतू वेदना, रक्तस्राव किंवा दाब कमी करण्याचा असतो. रुग्णाने विचारायचा सगळ्यात मोठा प्रश्न या एका रकान्यात लपलेला असतो, आणि तो रकाना फार थोडे लोक वाचतात.

‘स्टेज’ हीसुद्धा मुळात सर्जनांची गरज. फ्रान्समधल्या पिएर देनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात टीएनएम पद्धत बांधली. त्यातल्या ‘टी’मध्ये मूळ गाठीचा आकार आणि खोली, ‘एन’मध्ये जवळच्या लसिका गाठी आणि ‘एम’मध्ये दूरच्या अवयवांतला फैलाव येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाने १९६८ साली तिची पहिली आवृत्ती काढली. मुंबईच्या, पॅरिसच्या आणि टोकियोच्या डॉक्टरांना एकाच रुग्णाबद्दल एका भाषेत बोलता यावे, हा तिचा हेतू. आपल्याकडे मात्र ‘स्टेज’ हा शब्द निकालपत्रासारखा ऐकला जातो. “शेवटची स्टेज आहे” असे कुणीतरी व्हरांड्यात म्हणते आणि घरातले हातपाय गाळून बसतात. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगात रुग्णाचे वय ५५ पेक्षा कमी असेल तर फुप्फुसापर्यंत फैलाव झालेला असूनही सध्याच्या आवृत्तीत ती स्टेज दोनच धरली जाते, कारण या रुग्णांचे भवितव्य खरोखरच चांगले असते. वृषणाच्या कर्करोगात तर चौथी स्टेज नाहीच. तेव्हा आकडा ऐकून घाबरण्याआधी तो कोणत्या अवयवाचा आहे ते विचारायला हवे.

‘ग्रेड’ आणि ‘स्टेज’ यांची गल्लत तर रोजची. रोग किती दूर गेला आहे ते स्टेज सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बेशिस्त दिसतात, म्हणजे मूळ पेशींपासून किती ढळल्या आहेत, ते ग्रेड सांगते. प्रोस्टेटच्या रिपोर्टातला ग्लिसन स्कोअर हे याचे ठळक उदाहरण. डोनाल्ड ग्लिसन यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत दिली. आज बायोप्सीत कर्करोग निघाला तर व्यवहारात सगळ्यात कमी गुण सहा येतात, पण “दहापैकी सहा” ऐकून निवृत्त मास्तरांना वाटते की रोग अर्ध्याच्या पुढे गेला. सहा म्हणजे या मोजणीतली सगळ्यात सौम्य पायरी. या गैरसमजामुळेही २०१४ साली तज्ज्ञांनी एक ते पाच असे नवे ग्रेड ग्रुप ठरवले, ज्यात जुना सहा आता एक झाला. रुग्णाच्या समजुतीसाठी शास्त्राने स्वतःची मोजपट्टी बदलल्याचे हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते.

असाच एक बदल २०१६ मध्ये झाला. थायरॉइडच्या एका विशिष्ट, आवरणात बंद असलेल्या गाठीच्या नावातून पॅथॉलॉजिस्टांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढून टाकला, कारण ती पसरत नाही असे दिसून आले होते. केवळ नावामुळे रुग्णांवर जास्तीचे उपचार होत होते. आमच्या क्षेत्रातल्या एका शब्दाने लोकांच्या शरीराचा किती भाग आणि त्यांची किती झोप हिरावून घेतली जाऊ शकते, हे त्या निर्णयाने उघडपणे मान्य केले.

शेक देणाऱ्यांचा थर १८९५ च्या क्ष-किरणांपासून आणि १८९८ च्या रेडियमपासून सुरू होतो. ‘ग्रे’, ‘फ्रॅक्शन’, ‘लिनॅक’, ‘ब्रेकी’ हे त्याचे शब्द. यांबद्दल सविस्तर पुस्तकात आहे. इथे एवढेच, की आपल्या लोकांनी ‘विजेचे शेक’ हा शब्द स्वतःहून घडवला आहे आणि तो वापरात पक्का बसला आहे. त्यात वीज नसते आणि शेकताना लागते तशी ऊबही लागत नाही, पण रुग्णाला ओळखीचा शब्द हिसकावून घेण्याचे कारण नाही. तो ठेवून त्यातली भीती तेवढी दूर केली की पुरे.

औषधांचा थर सगळ्यात तरुण आणि सगळ्यात दाट. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन तात्पुरता उतार मिळवल्याचे प्रसिद्ध केले, आणि ‘रेमिशन’ हा शब्द आशेच्या भाषेत शिरला. रेमिशन म्हणजे बरे होणे नव्हे. ल्युकेमियात अस्थिमज्जेतल्या अपक्व पेशी पाच टक्क्यांच्या खाली आल्या आणि रक्त सावरले की त्याला पूर्ण रेमिशन म्हणतात, आणि उपचार त्यानंतरही चालू राहतात. घरी गेल्यावर “रोग गेला, आता कशाला सुया” म्हणून मधेच सोडलेल्या उपचारांची किंमत मुलांनी मोजली आहे. ‘अ‍ॅडज्युव्हंट’, ‘निओअ‍ॅडज्युव्हंट’, ‘फर्स्ट लाइन’, ‘मेंटेनन्स’ हे शब्द उपचार केव्हा द्यायचा ते सांगतात. शस्त्रक्रियेनंतर, आधी, पहिल्यांदा, की टिकवण्यासाठी. औषध तेच असते, क्रम बदलतो.

या थरातला एक शब्द मात्र असा आहे, ज्यावर मला थांबायलाच हवे, कारण तो न कळल्याने माणसे दगावतात. ‘न्यूट्रोपेनिया’. केमो दिल्यानंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल फार खाली जातात. आपल्याकडे “काउंट पडले” म्हणतात. या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर तो साधा ताप नसतो. शरीराकडे जंतूंशी लढणारे सैन्यच उरलेले नसते आणि काही तासांत संसर्ग रक्तात पसरू शकतो. पू होत नाही, खोकला दिसत नाही, कारण पू तयार करणाऱ्या पेशीच नसतात. अशा वेळी तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहणे, दुखणे अंगावर काढणे, हे आपल्या घरांतले सवयीचे वागणे जिवावर बेतते. ताप आला की त्याच रात्री रुग्णालयात जायचे, आणि “मला केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला” हे पहिले वाक्य म्हणायचे. या पुस्तकातली बाकी सगळी पाने विसरली तरी चालतील, हे वाक्य विसरू नये.

उपचार लागू पडतो का हे मोजण्याची भाषा औषधचाचण्यांनी दिली. २००० साली ठरलेल्या आणि २००९ मध्ये सुधारलेल्या ‘रेसिस्ट’ निकषांत गाठींच्या व्यासांची बेरीज तीस टक्के घटली तर ‘पार्शल रिस्पॉन्स’, वीस टक्के वाढली किंवा नवी गाठ दिसली तर ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’, आणि यांच्या मधले सगळे ‘स्टेबल’. आपल्याकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून ‘प्रोग्रेस’ हा शब्द कौतुकाचा. “स्कॅनमध्ये प्रोग्रेशन आहे” हे ऐकून समाधानाने मान डोलावणारे वडील आणि त्यांच्याकडे पाहून गप्प बसलेला तरुण डॉक्टर, हे दृश्य आपल्या रुग्णालयांत नवे नाही. उलट ‘स्टेबल’ ऐकून निराश होणारे भेटतात; खरे तर पसरलेल्या रोगात वर्षभर स्टेबल राहणे हे औषधाचे मोठे यश असते.

आकड्यांच्या भाषेत ‘मीडियन सर्व्हायव्हल’ हा सगळ्यात जास्त दुखावणारा शब्द. मीडियन आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात आणि निम्मे त्यापुढे जगतात, त्यातले काही खूप पुढे. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली मेसोथेलिओमा झाला, ज्याची मीडियन तेव्हा आठ महिने होती. त्यांनी त्यावर १९८५ मध्ये एक निबंध लिहिला आणि निदानानंतर ते जवळजवळ वीस वर्षे जगले. सगळ्यांचे तसे होत नाही, हे सांगणेही माझे कर्तव्य आहे. पण मधला आकडा म्हणजे आपल्या नावावर लिहिलेली तारीख नव्हे, एवढे कळले तरी घरातल्या माणसांना पुढचे नियोजन शांत डोक्याने करता येते.

रेणूंच्या पातळीवरची भाषा गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब आणि २००१ मध्ये इमॅटिनिब मान्य झाले, आणि अवयवापेक्षा पेशीतल्या बिघाडावर उपचार ठरू लागला. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच रोगाशी लढवणाऱ्या उपचाराच्या, मूळ शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-नाइन्टीन या कार-टी उपचाराला भारतात परवानगी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, त्या परत शरीरात सोडायच्या असा हा उपचार. आपल्या शहरात घडलेली ही गोष्ट आपल्या भाषेत समजावून सांगण्याची जबाबदारी आपलीच आहे.

‘पॅलिएटिव्ह’ या शब्दाची भीती आपल्याकडे सगळ्यात जास्त. “आता काही करण्यासारखे नाही” असा त्याचा अर्थ घेतला जातो. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले, तेव्हा त्यांचे म्हणणे नेमके उलट होते: करण्यासारखे खूप आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन सुरू झाले आणि पुढे गोव्यातही त्याची शाखा झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह सेवा दिली गेली. त्यांचे जगणे सुसह्य तर झालेच, शिवाय मीडियन आयुष्य ८.९ महिन्यांवरून ११.६ महिन्यांवर गेले. वेदनाशमन हा उपचार थांबल्यानंतरचा टप्पा नाही, तो उपचाराचा भाग आहे. मॉर्फिनच्या नावाने दचकणाऱ्या प्रत्येक घराने हे वाचावे असे मला मनापासून वाटते.

इथे आणखी एक गोष्ट बोलायला हवी. आपल्याकडे आजही केबिनच्या दारात मुलगा डॉक्टरांना थांबवतो आणि म्हणतो, “बाबांना सांगू नका हं.” हे प्रेमापोटी असते, म्हणून त्याला दोष देणे सोपे नाही. ही चाल फक्त आपलीच आहे असेही नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या एका पाहणीत नव्वद टक्के डॉक्टरांनी आपण रुग्णाला कर्करोगाचे निदान सांगणे टाळतो असे नोंदवले, आणि १९७९ मध्ये तशाच पाहणीत सत्त्याण्णव टक्के सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत एका समाजाचे वागणे इतके पालटू शकते. माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्या शरीरात रोग आहे त्याला त्याचे नाव माहीत असण्याचा हक्क आहे, त्याला किती आणि केव्हा ऐकायचे आहे हे त्यालाच विचारून. नाव लपवलेल्या घरात रुग्ण एकटा पडतो. त्याला कळलेले असतेच, फक्त बोलायला कुणी उरत नाही.

मराठीत या विषयाची परिभाषा कशी घडवावी याचेही वेगवेगळे पंथ आहेत. १८६०च्या दशकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकवणारा वर्ग होता, तेव्हापासून हा वाद चालू आहे. एक पंथ संस्कृतातून नवे शब्द घडवणाऱ्यांचा. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे जे काम केले ते त्याचे उत्तम फळ, आणि त्यातले कित्येक शब्द मी या प्रस्तावनेतही वापरले आहेत. दुसरा पंथ इंग्रजी शब्द तसेच देवनागरीत लिहिणाऱ्यांचा, कारण फाईलवर तेच शब्द असतात आणि रुग्णाला शेवटी फाईलच वाचायची आहे. तिसरा प्रवाह कुणी ठरवून काढलेला नाही. तो वॉर्डात, धर्मशाळेत आणि टाटा मेमोरियलबाहेर परळच्या फुटपाथवर घडतो: तुकडा पाठवला, सुई टाकून पाहिले, काउंट पडले, पोटात पाणी झाले. माझा कल तिसऱ्याकडे आहे. या पुस्तकात शीर्षकाला फाईलवरचा शब्द आहे, म्हणजे तो ओळखू येईल; त्याखाली लोक काय म्हणतात ते आहे; आणि परिभाषेचा मराठी शब्द जिथे खरोखर अर्थ उजळतो तिथेच घेतला आहे.

समजावून सांगण्याने रोगाचा मार्ग बदलतो याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणांबद्दल बोलत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण त्यानंतर आधीपेक्षा लवकरच्या स्टेजमध्ये येऊ लागल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. बायकांशी त्यांच्या बोलीत बोलणारी माणसे होती. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पण ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ हा शब्द घरात कसा पोहोचतो यावर बरेच अवलंबून असते. हा विषाणू अतिशय सर्वसाधारण आहे, बहुतेक वेळा शरीर त्याला आपोआप घालवते आणि पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. हे न सांगता नुसता शब्द दिला तर संशय आणि लाज घरात शिरते, आणि बाई पुढच्या तपासणीला येत नाही.

तंबाखू, मशेरी आणि गुटख्याच्या आपल्या प्रदेशात तोंडाच्या कर्करोगाबद्दलही असेच. गालात किंवा जिभेवर लहान जखम आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही, तरी सर्जन ‘इलेक्टिव्ह नेक डिसेक्शन’ सुचवतात. कॉलेजात ‘इलेक्टिव्ह’ म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून मुलगा म्हणतो, “ऐच्छिक आहे ना, मग नको.” इथे मात्र त्याचा अर्थ रोग दिसण्याआधीच मानेतल्या लसिका गाठी ठरवून काढणे असा आहे. टाटा मेमोरियलच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानेच्या गाठी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते, आणि गाठ दिसल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. एका शब्दाच्या चुकीच्या अर्थाने माणूस या दोन आकड्यांमधल्या फरकात सापडू शकतो.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू होते. यातले कितीतरी जण पहिल्यांदा निदान ऐकतात ते गर्दीच्या ओपीडीत. दोनशे रुग्ण पाहायचे असताना डॉक्टरला प्रत्येकाशी अर्धा तास बोलता येत नाही. म्हणून शब्दांची तयारी आधी घरी झाली तर मिळणारी पाच मिनिटे निर्णयावर खर्च होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा अर्ज भरतानाही रोगाचे आणि उपचाराचे नेमके नाव लागते. चुकीचे नाव लिहिले गेले तर मंजुरी लांबते आणि गावाकडून आलेले कुटुंब मुंबईत अडकून पडते.

या पुस्तकाची रचना वर्णानुक्रमाने नाही. रुग्ण ज्या क्रमाने प्रश्नांना सामोरा जातो त्या क्रमाने शब्द आले आहेत: हे काय आहे, कुठवर गेले आहे, काय करणार, लागू पडते आहे का, आणि पुढे कसे जगायचे. ज्याला एकच शब्द शोधायचा आहे त्याच्यासाठी मागे सूची दिली आहे. प्रत्येक शब्दाखाली तो कोणत्या निर्णयासाठी वापरतात ते आधी आणि अर्थ नंतर दिला आहे. डॉक्टरांना विचारण्यासारखा एखादा प्रश्नही जोडला आहे. कोणते औषध घ्यावे, कुठे जावे, कोणाचे ऐकावे हे इथे सापडणार नाही. ते काम रुग्णाची फाईल आणि नाडी हातात असलेल्या डॉक्टरांचे. जाहिरातीतल्या ‘हमखास’ उपायांबद्दल मात्र एक प्रकरण मुद्दाम लिहिले आहे, कारण तिथेही शास्त्रीय शब्दच उसने घेऊन लोकांना फसवले जाते.

स्टेजच्या पद्धती, औषधांची नावे, ग्रेडचे निकष काही वर्षांनी बदलतात, म्हणून प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती शेवटची कधी तपासली त्याचे महिना-वर्ष छापले आहे. ते जुने वाटले तर त्या नोंदीवर विसंबू नये आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तोच शब्द दाखवून विचारावे. प्रत्येक भागानंतर काही पाने कोरी ठेवली आहेत. फाईलमधला जो शब्द या पुस्तकात नसेल तो तिथे लिहून ठेवावा आणि प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवावा. पुढच्या आवृत्तीत कोणते शब्द घ्यायचे ते त्या पत्रांवरूनच ठरणार आहे.